दगडातला पक्षी न फोडता कसा वाचतात? आदिम पक्ष्यांच्या जीवाश्मांचं स्कॅनिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आदिम पक्ष्यांबद्दल काही सांगायला बसलं की तेच ते प्रश्न फिरून येतात. काही अगदी साधे असतात, काहींना उत्तर देताना माझीच दमछाक होते. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. क्रम फारसा लावलेला नाही. हवा तो प्रश्न आधी वाचला तरी चालेल.

स्कॅनची गरजच काय? दगड फोडून हाडं बाहेर काढता येत नाहीत का?

येतात की. दीडशे वर्षं तेच चाललं होतं आणि आजही चालतं. सूक्ष्मदर्शकाखाली दगड ठेवायचा आणि सुईने, बारीक ड्रिलने कण-कण करत तो उडवायचा. डायनासोरच्या मांडीच्या हाडाला हे मानवतं. पक्ष्याचं हाड मात्र आतून पोकळ असतं आणि त्याची भिंत बऱ्याचदा एक मिलिमीटरही जाड नसते. सुई एकदा घसरली की पंधरा कोटी वर्षं टिकलेली वस्तू गेली.

शिवाय खरी गंमत आत असते. कवटीतली मेंदूची पोकळी, कानाच्या आतल्या नळ्या, हाडाच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्यांच्या वाटा हे सगळं बाहेरून कितीही साफ केलं तरी दिसत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम सोलास यांनी यावर एक जालीम उपाय काढला होता. जीवाश्म थोडा घासायचा, उघड्या पडलेल्या थराचं चित्र काढायचं, पुन्हा घासायचा. शेवटी चित्रांची चवड हातात उरते, त्यावरून मोठं मॉडेल बनवता येतं आणि मूळ जीवाश्माची पूड झालेली असते. सीटी स्कॅन हेच काम करतो, फक्त पूड न करता.

स्कॅन आला म्हणून सुई गेली, असं मात्र नाही. आर्किऑप्टेरिक्स म्हणजे सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा, सर्वांत जुन्या ज्ञात पक्ष्यांपैकी एक. शिकागोच्या फील्ड म्युझियममधला त्याचा नमुना 2025 मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाला. त्याची साफसफाई वर्षाहून अधिक काळ चालली होती आणि आधी केलेला सीटी स्कॅन त्या कामात नकाशासारखा वापरला गेला. हाड पृष्ठभागाखाली बरोबर 3.2 मिलिमीटरवर आहे हे आधीच ठाऊक असेल, तर हात कुठे थांबवायचा ते कळतं. शेजारी अतिनील दिवा होता, कारण त्या प्रकाशात मऊ ऊतींचे अवशेष चमकतात आणि दगड समजून ते खरवडले जात नाहीत. हाडं स्कॅनमुळे वाचली आणि त्वचा त्या दिव्यामुळे.

सीटी स्कॅनमध्ये नेमकं होतं काय?

क्ष-किरण वस्तूतून आरपार जाताना थोडे शोषले जातात. घनता जास्त असेल आणि जड मूलद्रव्यं असतील तर जास्त शोषले जातात. पलीकडच्या पडद्यावर सावली पडते, म्हणजे साधा एक्स-रे. त्यात पुढचं-मागचं सगळं एकावर एक चढलेलं दिसतं. आता वस्तू किंचित फिरवा आणि पुन्हा सावली घ्या. असं पूर्ण वर्तुळ होईपर्यंत हजार-दोन हजार सावल्या जमतात. आतला कुठला बिंदू किती किरण शोषतो, याचं गणित संगणक या सगळ्या सावल्यांवरून मांडतो. हाती येते ती पातळ आभासी कापांची गड्डी. पावाच्या लादीचे काप करावेत तसे, फक्त सुरीशिवाय.

प्रत्येक काप करड्या रंगाच्या ठिपक्यांचा असतो आणि प्रत्येक ठिपक्याला जाडीही असते. असा घनाकार ठिपका म्हणजे व्होक्सेल. एका बाजूला 2000 व्होक्सेल धरले, तर सगळे मिळून 800 कोटी होतात. प्रत्येकी दोन बाइट म्हणजे एका स्कॅनची फाइल 16 जीबीची. कबुतराएवढ्या पक्ष्याची फक्त कवटी, आणि लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागतो.

एक गोष्ट इथेच मनात पक्की करा, पुढे बऱ्याच ठिकाणी लागेल. स्कॅनरला हाड दिसत नाही. त्याला फक्त ‘इथे जास्त शोषलं, तिथे कमी’ एवढंच कळतं. ते हाड आहे हे माणूस ठरवतो.

मग हॉस्पिटलमधलं मशीन चालत नाही का?

मोठ्या हाडांना चालतं. 1984 मध्ये दगडाने गच्च भरलेल्या एका सस्तन प्राण्याच्या जीवाश्म कवटीचा आतला भाग सीटीने दाखवला गेला आणि तिथून या प्रकाराने जोर धरला. पण हॉस्पिटलच्या स्कॅनरला साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचं दिसतं, आणि लहान पक्ष्याच्या कानातली अख्खी नळीच तेवढी असू शकते.

रुग्णाला किरणोत्सर्ग बेताने द्यावा लागतो आणि काम काही सेकंदांत उरकावं लागतं. जीवाश्माला दोन्हींची पर्वा नसते. म्हणून मायक्रो-सीटीत नळी आणि पडदा जागच्या जागी राहतात, नमुना हळूहळू फिरतो आणि तासन्‌तास किरण मारता येतात. तपशील किती मिळेल ते नमुन्याच्या रुंदीवर ठरतं. पडद्यावर रुंदीला 2000 ठिपके असतील, तर 10 सेंटिमीटरच्या दगडात एक ठिपका 50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पडतो आणि 2 सेंटिमीटरच्या तुकड्यात 10 मायक्रॉनचा. नमुना जितका लहान, तितकं चित्र बारीक. म्हणूनच संग्रहालयाच्या भिंतीवर टांगलेली भलीमोठी शिळा स्कॅनवाल्यांची डोकेदुखी असते आणि डबीत ठेवलेला सुटा तुकडा त्यांचा लाडका.

सिंक्रोट्रॉन, सिंक्रोट्रॉन म्हणतात ते काय?

इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एका मोठ्या कड्यात फिरवले आणि चुंबकांनी वळवले की ते अतिशय प्रखर क्ष-किरण सोडतात. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला असलेल्या युरोपियन सिंक्रोट्रॉनच्या कड्याचा परीघ 844 मीटर आहे. आदिम पक्ष्यांवरची कितीतरी नावाजलेली कामं तिथेच झाली आहेत.

नुसता प्रखरपणा एवढाच फायदा असता, तर इतका खटाटोप कुणी केला नसता. खरी अडचण वेगळी आहे. आर्किऑप्टेरिक्स जर्मनीतल्या ज्या झोल्नहोफेन चुनखडकात सापडतो, त्यात कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि हाडात कॅल्शियम फॉस्फेट. क्ष-किरणांच्या नजरेत दोघांत फार फरक नसतो. करड्यावर करडं. सिंक्रोट्रॉनचे किरण इतके शिस्तीत येतात की दोन पदार्थांच्या सीमेवर ते किंचित वळतात, आणि पडदा काही मीटर मागे ठेवला की ते वळणं कडेच्या रेषेसारखं उमटतं. शोषणातला फरक नगण्य असला तरी सीमा दिसते. याला फेज-कॉन्ट्रास्ट म्हणतात.

कुजून गेलेला मेंदू कसा काय दिसतो?

मेंदू दिसत नाही, त्याची खोली दिसते. पक्ष्यांचा मेंदू कवटीत अगदी ठासून बसतो, त्यामुळे पोकळीच्या भिंतींवर त्याचा आकार उमटलेला असतो. ती पोकळी संगणकावर भरून काढली की मेंदूचा साचा मिळतो.

या विषयातलं माझं सर्वांत आवडतं काम 2004 चं आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधला आर्किऑप्टेरिक्स 1861 मध्ये सापडला आणि पुढच्याच वर्षी रिचर्ड ओवेन यांनी तो इतर जीवाश्मांसकट 700 पौंडांना विकत घेतला. त्याच्या मेंदूची पेटी म्हणजे जेमतेम 20 मिलिमीटरचा तुकडा. तो शिळेपासून सुटा केलेला होता. अँजेला मिल्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ऑस्टिनला, टेक्सास विद्यापीठाच्या स्कॅनरमध्ये नेला. मेंदूचं आकारमान निघालं 1.6 मिलिलिटर. चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्साही नाही! पण त्याची ठेवण पाहा. दृष्टीचं काम करणारे भाग फुगीर, तोल सांभाळणारा भाग ठळक आणि कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या आजच्या पक्ष्यांच्या वळणाच्या. आकाराने सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्या मधला, घडणीने पक्ष्यांकडे झुकलेला.

तेव्हा सगळ्यांनी म्हटलं, झालं, हा उडणाऱ्याचा मेंदू. 2013 मध्ये एमी बॅलनॉफ यांच्या गटाने न उडणाऱ्या डायनासोरांच्या कवट्याही तशाच स्कॅन करून पाहिल्या. पक्ष्यांच्या जवळच्या काही डायनासोरांचा मेंदू शरीराच्या मानाने आर्किऑप्टेरिक्सइतकाच, काहींचा तर त्याहूनही मोठा निघाला. म्हणजे मेंदू उड्डाणाच्या आधीच वाढायला लागला होता. पहिला निष्कर्ष चुकला असं मी म्हणणार नाही, पण एकट्या नमुन्यावर तो जरा जास्तच ताणला गेला होता.

आर्किऑप्टेरिक्स आणि आजचे पक्षी यांच्या मधला दुवा बराच काळ हवा होता. तो ब्राझीलमध्ये, प्रेसिडेंटे प्रुडेंटे इथे 2016 मध्ये सापडला आणि 2024 मध्ये नावाऑर्निस या नावाने प्रसिद्ध झाला. वय सुमारे 8 कोटी वर्षं, आणि कवटी चपटी न होता गोलाईसकट टिकलेली. त्याचा प्रमस्तिष्क, म्हणजे पुढचा मोठा मेंदू, आर्किऑप्टेरिक्सपेक्षा मोठा आहे आणि तोल सांभाळणारा अनुमस्तिष्क आजच्या पक्ष्यांपेक्षा लहान. बाहेरून मात्र कवटी थेट आजच्या एखाद्या लहान पक्ष्याची वाटावी अशी.

आर्किऑप्टेरिक्स उडत होता का? स्कॅनने निकाल लागला का?

बराचसा लागला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात ग्रेनोबलला तीन आर्किऑप्टेरिक्सच्या पंखांची हाडं स्कॅन केली होती. यात पंखाचा बाहेरचा आकार मोजायचा नव्हता. हाडाचा आडवा छेद घेतला तर भिंत किती जाड आणि पोकळी किती मोठी, म्हणजे ते हाड किती पीळ सोसेल, हे पाहायचं होतं. पंख फडफडवताना हाडाला पीळ बसतो, नुसतं तरंगताना वेगळे ताण पडतात. आजच्या पक्ष्यांशी तुलना केल्यावर आर्किऑप्टेरिक्सची हाडं फेझंटसारख्या, म्हणजे कोंबडीच्या कुळातल्या, पक्ष्यांच्या जवळ बसली. दूरचा पल्ला नाही, पण धोका दिसला की जोरात फडफडत अडथळ्यापलीकडे जाणं त्यांना जमतं.

प्रश्न पुरता मिटलेला नाही, कारण त्याचा खांदा आजच्या पक्ष्यासारखा पंख उचलू देत नाही. तो फडफडत असेल तर वेगळ्या ढबीने. म्हणून ‘कोंबडीसारखा उडायचा’ हे वाक्य कुठे वाचलंत तर जरा जपूनच घ्या.

करड्यातून हाड वेगळं कोण काढतं? संगणक आपोआप करत नाही का?

सगळ्यांत कमी बोललं जाणारं आणि सगळ्यांत वेळखाऊ काम हेच. याला सेगमेंटेशन म्हणतात. काप समोर घ्यायचा, हाडाच्या कडेने माउस फिरवून ते रंगवायचं, पुढच्या कापावर जायचं. हाड आणि दगड यांत फरक स्पष्ट असेल तर सॉफ्टवेअर एका फटक्यात शेकडो काप रंगवून देतं. नसेल, तर एकेका हाडावर आठवडे जातात.

मी सरावासाठी एका कवटीचा टाळूचा भाग रंगवायला घेतला होता. काप क्रमांक 612 वर एक पांढुरकी रेघ स्पष्ट दिसत होती. 640 वर तिच्या शेजारी दुसरी रेघ आली. 655 वर दोन्ही एकमेकींना चिकटल्या. हे दोन हाडांचं जोडहाड, की एकच हाड आणि मधे भेग? पुढे-मागे वीस-वीस काप सरकवत तासभर काढला. शेवटी बाजूने आडवा छेद घेतला तेव्हा भेग सरळ दगडातही गेलेली दिसली. जिवंतपणीचा सांधा दगडात कशाला जाईल? ती भेगच होती. रंगवलेलं सगळं पुसलं आणि पुन्हा रंगवलं.

आता यंत्र-शिक्षण आलं आहे. काही काप माणसाने रंगवून दिले की उरलेले ते रंगवतं, आणि चांगलं रंगवतं. पण जिथे माणसाला शंका येते, तिथे त्याला येत नाही. ते तितक्याच आत्मविश्वासाने चुकतं. नंतर प्रत्येक काप डोळ्यांखालून घालणं काही सुटलेलं नाही.

दगडावर काहीच दिसत नसताना आत काही सापडलंय का?

हो, आणि हा किस्सा सांगताना मला आजही मजा येते. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेजवळच्या खाणीतून एका हौशी संग्राहकाला 2000 साली एक दगड मिळाला. पत्त्यांच्या कॅटएवढा. वर पायाच्या हाडांचे मोडके तुकडे दिसत होते, बाकी काही नाही. पुढे केंब्रिजला डॅनियल फील्ड यांच्या गटाने तो स्कॅन केला, तर त्या तुकड्यांच्या अगदी खाली जवळजवळ अखंड कवटी होती! पुढून कोंबडीसारखी, मागून बदकासारखी. 2020 मध्ये तिला अ‍ॅस्टेरिऑर्निस हे नाव मिळालं. वय सुमारे 6 कोटी 67 लाख वर्षं. म्हणजे डायनासोरांचा काळ संपवणारा लघुग्रह आदळायच्या जरासा आधीचा, आजच्या पक्षिकुळातला पक्षी.

त्याच भागातल्या दुसऱ्या एका नमुन्याची गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. तो 1990 च्या दशकात सापडला होता आणि त्यातलं एक हाड खांद्याचं समजलं गेलं होतं. स्कॅन झाल्यावर हुआन बेनितो या संशोधकाला ते खटकलं. असं हाड त्याने फक्त टर्कीच्या कवटीत पाहिलं होतं. प्रयोगशाळेत टर्कीची कवटी होतीच. शेजारी ठेवून पाहिलं, तर जवळजवळ तेच. खांद्याचं हाड टाळूचं निघालं.

एवढ्याने काय बिघडलं? बरंच. 1867 मध्ये थॉमस हक्सली यांनी टाळूच्या ठेवणीवरून पक्ष्यांचे गट पाडले होते. शहामृगासारख्यांचा टाळू जखडलेला, इतर बहुतेकांचा हलता. त्यावरून जखडलेला टाळू जुना आणि हलता नंतरचा, हे गृहीत धरलं गेलं आणि शतकाहून अधिक काळ टिकलं. हा नवा पक्षी, जॅनाविस, दात असलेला आणि आजच्या पक्षिकुळाच्या बाहेरचा, तरी त्याच्याकडे हलत्या टाळूचं हाड. म्हणजे हलता टाळू आधीपासून होता आणि शहामृगाच्या पूर्वजांनी तो नंतर गमावला असावा. हा शोध 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. हाड कपाटात वीस-पंचवीस वर्षं होतं. स्कॅनने ते सगळ्या बाजूंनी फिरवून पाहण्याची सोय केली, पण टर्की आठवली ती माणसाला.

पिसं स्कॅनमध्ये दिसतात का?

सहसा नाही. दगडातलं पीस म्हणजे बहुधा एक पातळसा डाग किंवा ठसा. त्याला जाडीच नाही, मग क्ष-किरण शोषणार काय? पिसांसाठी वेगळी हत्यारं लागतात. लेझरने खनिजं चमकवून फोटो घेतात, किंवा क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखून त्यांचा नकाशा काढतात. दुसऱ्या पद्धतीने 2010 मध्ये आर्किऑप्टेरिक्सच्या पिसांच्या दांड्यांत फॉस्फरस आणि गंधक सापडलं. म्हणजे ते नुसते ठसे नव्हते, मूळ पिसांचं थोडं रसायन अजून शिल्लक होतं.

लेझरची एक गोष्ट सांगतोच. आर्किऑप्टेरिक्सचं नाव ज्याच्याशी जोडलं गेलं, ते 1861 चं एकटं पीस. हरमान फॉन मायर यांनी त्याच्या चित्रात खालची दांडी स्पष्ट दाखवली होती, पण आज नमुन्यावर ती दिसतच नाही. लोक बुचकळ्यात पडले होते. 2019 मध्ये लेझरखाली ती दांडी खडकातल्या रासायनिक खुणेच्या रूपात पुन्हा उजळली. ते पीस आर्किऑप्टेरिक्सचंच की दुसऱ्या कुणाचं, यावर मात्र त्यानंतर जोरदार वाद झाला.

बरेच जीवाश्म तर पापडासारखे चपटे असतात. त्यांचं काय?

चीनच्या लिआओनिंग भागातले बहुतेक पक्षी असेच आहेत, साधारण 12 कोटी वर्षांपूर्वीचे. शिळा रुंद आणि पातळ. फिरवताना एका बाजूने किरणांना काही मिलिमीटर पार करायचे असतात आणि दुसऱ्या बाजूने अर्धा मीटर. शिळेची कड नळीला आपटू नये म्हणून नमुना दूर ठेवावा लागतो, आणि दूर गेला की तपशील जातो. यावर तोडगे आहेत. शिळा तिरकी ठेवून फिरवण्याची लॅमिनोग्राफी नावाची पद्धत त्यातली एक. चपटी झालेली कवटी मग एकेक हाड सुटं करून संगणकावर पुन्हा रचतात. त्या रचनेत रचणाऱ्याची समजूत मिसळते, हे विसरू नये.

खोटा जीवाश्म स्कॅनमध्ये पकडला जातो का?

पकडला जातो. ऐकलं जातं का, हा प्रश्न वेगळा. ‘आर्किओरॅप्टर’ची गोष्ट घ्या. पक्ष्याचं धड आणि डायनासोरची शेपूट असलेला हा नमुना नॅशनल जिऑग्राफिकने नोव्हेंबर 1999 च्या अंकात डायनासोर आणि पक्षी यांच्यातला दुवा म्हणून दिमाखात छापला. त्याच्या आधीच, जुलैमध्ये, टिमोथी रो यांनी तो ऑस्टिनला स्कॅन केला होता. शिळा अनेक तुकडे जोडून बनवलेली होती. शेजारशेजारच्या तुकड्यांतल्या भेगा एकमेकींना जुळत नव्हत्या, शेपूट धडाला जोडलेली नव्हती. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे दोन्ही पाय एकाच पायाचे होते! दगड उभा दुभंगला की त्याचे दोन भाग होतात आणि दोन्हींवर त्याच हाडाचा ठसा असतो. त्या दोन भागांचे दोन पाय करून बसवले होते.

त्याच वर्षअखेरीस श्यू शिंग यांना चीनमध्ये त्या शेपटीचा जोडभाग वेगळ्याच डायनासोरच्या सांगाड्यासकट मिळाला आणि प्रकरण मिटलं. शेपूट मायक्रोरॅप्टरची, धड यानॉर्निस नावाच्या पक्ष्याचं. गंमत अशी, की दोन्ही तुकडे आपापल्या जागी अस्सल आणि मोलाचे होते.

स्कॅन उत्तम असूनही चूक होऊ शकते?

मार्च 2020 मध्ये म्यानमारच्या 9 कोटी 90 लाख वर्षांपूर्वीच्या अंबरमधली, म्हणजे गोठलेल्या राळेतली, एक इवलीशी कवटी नेचर या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. लांबी दीड सेंटिमीटरच्या आसपास, मोठे डोळे, चोचीसारखं तोंड, भरपूर दात. नाव ऑक्युलुडेंटाविस, सगळ्यांत लहान प्राचीन पक्षी. स्कॅन सिंक्रोट्रॉनचा होता, त्याच्या दर्जाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण दात जबड्याच्या खोबणीत न बसता आतल्या बाजूला चिकटलेले दिसत होते, सरड्यांसारखे. डोळ्यांची आणि कवटीची इतर हाडंही पक्ष्याची वाटेनात. जुलैत लेख मागे घेतला गेला. पुढच्या वर्षी त्याच वंशाचा दुसरा नमुना आला आणि सरडाच ठरला. ज्या स्कॅनमधून पक्षी दिसला, त्याच स्कॅनमधून सरडाही दिसला. पाहणारे वेगळे होते.

अंबरात खरे पक्षीही आहेत, बरं का. 2016 मध्ये दोन पंख, 2017 मध्ये अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू, पिसांसकट.

पक्षी काय खायचे, कसे ओरडायचे, हे कळतं का?

थोडंफार. जेहोलॉर्निस या चीनमधल्या आदिम पक्ष्याच्या पोटात बिया सापडतात. तो बिया फोडून खायचा की फळं खाऊन बिया सोडून द्यायचा? आजच्या पक्ष्यांमध्ये बिया फोडणाऱ्यांच्या पोटात त्या भरडलेल्या असतात. 2022 मधल्या स्कॅनमध्ये जेहोलॉर्निसच्या बिया शाबूत दिसल्या. म्हणजे फळं खाणारा, आणि कदाचित बिया पसरवणाराही.

आवाजाचं श्रेय अंटार्क्टिकाजवळच्या वेगा बेटावरच्या वेगाविस या प्राचीन पक्ष्याला. नमुना 1992 मध्ये गोळा केलेला, पण पक्ष्यांचा स्वरयंत्राचा अवयव, सिरिंक्स, त्यात असल्याचं सीटीतून कळलं आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याची दोन्ही अंगं सारखी नाहीत, बदक-हंसांमध्ये असते तशी ठेवण. गाणं नव्हे, एखादा रुक्ष हॉर्न समजा.

स्कॅनवरून वय, रंग, डीएनए?

वय नाही. ते खडकांवरून काढतात. रंग नाही. त्यासाठी रंगद्रव्याचे सूक्ष्म कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पाहावे लागतात. आणि कोट्यवधी वर्षांच्या हाडात वाचण्याजोगा डीएनए उरतच नाही, त्यामुळे तो प्रश्न बाजूला ठेवू.

क्ष-किरणांनी जीवाश्माला इजा होते का?

हाडाला सहसा नाही. सिंक्रोट्रॉनच्या जबर मात्रेने अंबर किंवा काही खनिजं काळवंडू शकतात. अगदी अलीकडच्या, म्हणजे हजारो वर्षांच्या, नमुन्यात डीएनए तपासायचा असेल किंवा किरणोत्सर्गाच्या साठ्यावरून वय काढायचं असेल, तर आधी नमुना काढून घेऊन मगच स्कॅन करतात.

मला घरी बसून असा स्कॅन बघता येईल का?

नक्की. मॉर्फोसोर्स या ऑनलाइन भांडारात असंख्य स्कॅन आहेत. काही थेट उतरवता येतात, काहींना परवानगी मागावी लागते. थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पहिल्याच दिवशी जीवाश्माच्या मागे लागू नका. आजच्या प्राण्यांचे 13,000 हून अधिक नमुने ओव्हर्ट या प्रकल्पात स्कॅन झाले आहेत, त्यातल्या एखाद्या पक्ष्याची कवटी घ्या. हाड लख्ख पांढरं, हवा काळी, चुकायला जागा कमी.

कवटीच्या मागच्या बाजूने काप हळूहळू पुढे सरकवा. हाडात दोन-तीन काळे ठिपके दिसतील. सरकवत राहा, ते लांबट होतील, वळतील, एकमेकांकडे झुकतील. त्या अर्धवर्तुळाकार नळ्या. पोकळी रंगवून थ्रीडीत पाहिली की तीन कड्या एकमेकींशी काटकोनात उभ्या दिसतात, आणि खाली ऐकण्याची नळी लोंबत असते. तिच्या लांबीवरून 2009 मध्ये अंदाज बांधला गेला की आर्किऑप्टेरिक्सला साधारण आजच्या एमूसारखं ऐकू येत असावं. फाइल उघडायला वेळ लागला तर मशीन बिघडलं म्हणून घाबरू नका, आधी निम्म्या रिझोल्यूशनने उघडा. कानाच्या नळ्या तेवढ्यातही दिसतात.